रिकामे रकाने: वगळायचे की भरायचे?

थिसिसवाला: काल इथे एकाने लिहिलं, "अभ्यासात ज्यांची माहिती अर्धवट, त्यांना सरळ वगळा. रिकाम्या जागी आकडे भरणं ही लबाडी." रात्रभर डोक्यातून जाईना. एमडीला असताना मराठवाड्यात रक्तदाबाच्या रुग्णांचा फॉलोअप करत होतो. दिवाळी झाली आणि तिसऱ्या भेटीचे रकाने कोरे पडायला लागले. शेजारी पेन्सिलीने नोंद: "कारखान्यावर गेली." सगळी ऊसतोडीची माणसं. गाईड म्हणाले, अपूर्ण फॉर्म काढून टाक. काढले. उरले पेन्शनर आणि मास्तर, वेळेवर गोळ्या घेणारे. निकाल उत्तम आला. पण कुणाचा?

कालचा मीच: आणि क्यूरिस्कचं काय? ब्रिटन, 2007, हृदयविकाराचा धोका काढायचं सूत्र. बहुतेकांचं कोलेस्टेरॉल नोंदलेलंच नव्हतं, ते इम्प्युटेशनने, म्हणजे बाकीच्या माहितीवरून अंदाज बांधून, भरलं. निघालं काय, तर कोलेस्टेरॉलचा हृदयविकाराशी संबंध नाही! पूर्ण नोंदीवाल्यांत तो स्पष्ट दिसत होता.

आकडेमोड: अर्धीच गोष्ट सांगताय. भरण्याची पद्धत सुधारल्यावर संबंध परत दिसला. संख्याशास्त्रज्ञ रुबिन यांनी 1976 मध्येच मांडलंय, आकडा का गहाळ झाला ते आधी बघा. रुग्ण यायचा थांबला की त्याचा शेवटचा आकडाच पुढच्या रकान्यांत ओढणं मात्र मलाही मान्य नाही. अल्झायमर दिवसेंदिवस वाढतो; रुग्ण औषध सोसेना म्हणून लवकर बाहेर पडला, तर कागदावर तो शेवटपर्यंत तितकाच बरा राहतो.

ओपीडीतली सिस्टर: सॉफ्टवेअरवर भांडताय, पण बाई परत का आली नाही? एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज. फॉर्मवर नंबर एकच, तोही नवऱ्याचा. मी शेजारणीचा नंबर घ्यायला लागले तेव्हा कुठे माणसं सापडायला लागली.

थिसिसवाला: रात्रपाळी करून आलेल्या रेसिडेंटने फोन कधी लावायचे? सगळं आमच्याच माथी नका मारू.

ओपीडीतली सिस्टर: तुमच्या माथी कोण मारतंय? प्रोटोकॉलमध्ये प्रवासखर्च धरायला कुणी हात धरले होते का? कारखाने कधी सुरू होतात हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक असतं, फॉलोअपच्या तारखा ठरवणाऱ्यालाच नसतं.

आकडेमोड: हे खरंय. न घेतलेलं माप कुठल्याही सूत्राने परत येत नाही.

कालचा मीच: बरं, "सरळ वगळा" मागे घेतो. "लबाडी" नाही घेत. किती रकाने कोरे होते आणि का, हे पहिल्याच तक्त्यात छापलेलं नसेल, तर भरलेला आकडा मी मानणार नाही.

थिसिसवाला: ते छापायलाच हवं. माझ्या थिसिसमध्ये ती पेन्सिलीची नोंद कुठेच नाही.