राज्यघटना लिहिणाऱ्यांना तो अधिकार दिला कोणी?

अभ्यासू_मीरा
स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतेय. कलमं पाठ झाली, पण मुळातच अडले आहे. कायदे संसद करते, संसदेला अधिकार घटना देते. मग घटना लिहायला बसलेल्यांना कुठल्या नियमाने बसवलं? कोणत्याही देशाचं उदाहरण चालेल.

उंबरठा
ब्रिटनमध्ये तर घटना म्हणून एक ग्रंथच नाही. १६८९ चा अधिकारांचा कायदा, १९११ चा संसद कायदा, न्यायालयांचे निवाडे आणि पाळत आलेले संकेत, एवढं सगळं मिळून घटना. संसदेने मंजूर केलेल्या विधेयकाला १७०८ नंतर एकाही राजा-राणीने संमती नाकारलेली नाही. तसं करायचं नाही हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, तरी पाळतात.

जुना_मास्तर
मीराताई, मी बरीच वर्षं घटना कायदा शिकवला आणि हा प्रश्न कुणी विचारला की तासाचं सोनं व्हायचं.

जुन्या नियमांतूनच नवी घटना निघते असं नाही. १७८७ साली अमेरिकेत फिलाडेल्फियात जमलेल्या राज्यांच्या प्रतिनिधींना काम दिलं होतं ते राज्यांमधल्या जुन्या करारात दुरुस्त्या सुचवायचं. त्या करारात बदल करायचा तर तेराही राज्यांची संमती हवी. या मंडळींनी करारच बाजूला सारला, नवा मसुदा लिहिला आणि त्यातच घातलं की नऊ राज्यांनी मान्यता दिली की पुरे! ऱ्होड आयलंडने तर प्रतिनिधीच पाठवले नव्हते, ते १७९० मध्ये सामील झालं. जुन्या नियमाने हे सरळ उल्लंघन. तरी टिकलं, कारण राज्याराज्यांत निवडून दिलेल्या परिषदांत कडाक्याचे वाद झाले आणि हरलेली माणसंही पुढे त्याच घटनेखाली निवडणुकीला उभी राहिली.

आपल्याकडे संविधान सभेचे प्रांतांतले सदस्य प्रांतिक विधिमंडळांनी निवडले होते आणि त्या विधिमंडळांसाठी मताचा हक्क मोजक्यांनाच होता. सभेने कलम ३९५ ने १९४७ चा ब्रिटिश स्वातंत्र्य कायदाच रद्द केला. ब्रिटिशांनी भारताच्या कारभारासाठी केलेल्या १९३५ च्या कायद्यातल्या कितीतरी तरतुदी आत घेतल्या, पण त्या आता लंडनच्या हुकमावर उभ्या नव्हत्या.

मला सर्वांत मोलाची वाटते दक्षिण आफ्रिकेची वाट. तिथे पक्षांनी आधी ३४ तत्त्वं ठरवली, मग १९९४ ला निवडून आलेल्या सभेने घटना लिहिली. सप्टेंबर १९९६ मध्ये घटना न्यायालयाने ती तत्त्वांना धरून नाही म्हणून परत पाठवली. सुधारलेला मसुदा डिसेंबरमध्ये मान्य झाला.

अभ्यासू_मीरा
सर, खूप आभार. मग मोठं बहुमत मिळालं की घटनेतलं काहीही बदलता येतं का?

जुना_मास्तर
जर्मनीत नाही. तिथल्या १९४९ च्या घटनेतलं कलम ७९ मानवी प्रतिष्ठा, लोकशाही आणि संघराज्य यांच्या गाभ्याला हात लावू देत नाही. आपल्या घटनेत अशी ओळ नाही. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या १३ न्यायाधीशांनी ७ विरुद्ध ६ अशा मतांनी ठरवलं की घटनादुरुस्तीने मूलभूत संरचना, म्हणजे घटनेचा गाभा, मोडता येणार नाही. एवढा मोठा नियम निकालातून आला, म्हणून नुसत्या कलमांवर थांबू नका.

उंबरठा
त्या सहा जणांची मतंही वाचा. निवडून न आलेल्यांनी संसदेला ही मर्यादा कुठल्या अधिकाराने घातली, हा मीराचाच प्रश्न तिथे पुन्हा उभा राहतो, आणि मला तो अजून सुटलेला वाटत नाही.