घरचं केक मिक्स: आधीचे केक जाळीदार, नंतरचे गच्च. मदत हवी आहे (शनिवारच्या आत)

सुरंगी
मी घरी केकचं कोरडं मिक्स करून बरणीत भरून ठेवते. मैदा, पिठीसाखर, दूध पावडर, बेकिंग पावडर, सोडा, मीठ. हवं तेव्हा काढायचं, ओलं साहित्य घालायचं आणि केक लावायचा. चहासोबतचा साधा केक, आयसिंग वगैरे काही नाही.

या बरणीतले सुरुवातीचे केक अगदी जाळीदार झाले. नंतरचे मात्र गच्च. फुगत नाहीत, तळाला चिकट थर राहतो, वरून रंग भराभर चढतो आणि खाल्ल्यावर जिभेवर विचित्र चव रेंगाळते. बरणी तीच, मिक्स तेच, ओव्हन तोच. मग बिघडतंय काय?

भाची रविवारी सांगलीला परत चालली आहे. तिला या मिक्सची पाकिटं करून द्यायची आहेत, खोलीवर छोटा ओटीजी आहे. त्यामुळे शनिवारच्या आत कळायला हवं. आणि कृपया मैदा खाऊ नका असं कोणी सांगू नका.

आवळा
प्रमाण लिहा ना. नुसती यादी वाचून काय सांगणार? किती मैद्याला किती सोडा?

खटपट्या
ओव्हन. शंभर टक्के ओव्हन. ओटीजीच्या बटणावर १८० लिहिलेलं असलं तरी आत १८० असतंच असं नाही. मी आत ठेवायचा थर्मामीटर आणला तेव्हा कळलं की माझा ओव्हन बराच कमी तापतो. आधी थर्मामीटर घ्या, बाकी सगळं नंतर.

पाटलीण
कुठे राहता ताई? कोकणात किंवा मुंबईत असाल तर हा पावसाळ्याचा प्रताप. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि कोरडं आम्ल शेजारी शेजारी असतात. भिजेपर्यंत ती एकमेकांना काही करत नाहीत, म्हणून तर त्यात कॉर्नफ्लोअर घालतात, ओल शोषायला. दमट हवेत बरणी सारखी उघडली की आतल्या आत थोडी थोडी क्रिया होऊन जाते आणि केकच्या वेळी जोरच उरत नाही.

सुरंगी
रत्नागिरी. बरणी घट्ट झाकणाची आहे. ओव्हन तोच आहे हे वर लिहिलंय, त्यात आधीचे केक उत्तम झाले.
प्रमाण: मैदा ६ कप, पिठीसाखर ४ कप, दूध पावडर १ कप, बेकिंग पावडर ४ चमचे, सोडा २ चमचे, मीठ अर्धा चमचा. एवढ्यात ४ केक.

आवळा
चमचा कोणता? चहाचा की पोह्याचा? माप ५ मिलीचं असेल तर तुमचं प्रमाण बरोबर आहे. पोह्याचा चमचा शिगोशीग भरलात तर सोडा दुपटीच्याही वर जाईल. आणि कप कोणता? २४० मिलीचा की घरातला चहाचा? तो दीडशेचासुद्धा असतो.

सुरंगी
मापाचाच संच आहे, चमचा ५ मिली, कप २४०. सपाट भरून.

रानमेवा
विषय निघालाच आहे म्हणून सांगते, मैद्याऐवजी नाचणी आणि ज्वारी निम्मी निम्मी घ्या. मी गेली कित्येक वर्षं मैदा घरात आणलेला नाही. साखरेऐवजी गुळाची पावडर. मुलं आवडीने खातात.

आवळा
रानमेवा, त्यांनी तेवढं एकच सांगू नका म्हटलं होतं. शिवाय ज्वारी-नाचणीत ग्लुटेन नाही, ते प्रमाण पूर्ण वेगळं बसवावं लागतं. गच्च केकवर तो उपाय कसा होईल?

रानमेवा
तब्येतीचा विचार कधी ना कधी करावाच लागतो. मी माझा अनुभव सांगितला.

पाटलीण
सुरंगी, एक चाचणी करा. अर्धी वाटी कडकडीत पाण्यात एक चमचा बेकिंग पावडर टाका. जोरात फसफसली तर जिवंत आहे. सोड्यासाठी पाण्याऐवजी व्हिनेगर किंवा लिंबाचा रस.

सुरंगी
केली. दोन्ही जोरात फसफसले. म्हणजे पावसाळा नाही.

पाटलीण
डब्यातली पावडर तपासलीत की बरणीतलं मिक्स? डब्यातली चांगली असून उपयोग नाही. मिक्सच चमचाभर घेऊन गरम पाण्यात टाका.

विहीर
मला वेगळंच वाटतंय. सोडा जड आणि बारीक, मैदा हलका. बरणी हलवली, ठेवली, काढली की थर बनतात. आधी वरचं वापरलं गेलं, आता तळाचं चाललंय आणि तिथे सोडा जास्त. चव बिघडते, रंग लवकर येतो, दोन्ही जुळतं. मिक्स करताना तीनदा चाळायचं आणि दर वेळी काढण्याआधी बरणी आडवी करून घोळायची.

पाटलीण
मैद्यात पिठीसाखर घोळली की सोडा असा सहज तळाला जात नाही. गुठळी राहिली तर केकमध्ये पिवळे ठिपके दिसतात, अख्खा केक बिघडत नाही. ओलच.

विहीर
ओल असती तर केक नुसता बसला असता, चव का बिघडेल?

दूरदेशी
इथे लेस्टरमध्ये दुकानात सेल्फ रेझिंग फ्लोअर मिळतं, म्हणजे बेकिंग पावडर आधीच मिसळलेला मैदा. सुरंगी करतात ते त्याचंच साखर-दूध घातलेलं रूप. ब्रिस्टलच्या हेन्री जोन्सने १८४५ मध्ये असल्या पिठाचं पेटंट घेतलं होतं, जहाजावरच्या खलाशांना कडक बिस्किटांऐवजी ताजा ब्रेड मिळावा हा त्याचा ध्यास होता. आणि त्याच्या दोन वर्षं आधी बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने बेकिंग पावडर केली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट चालत नसे. मला हा इतिहास फार आवडतो. अशा पिठाच्या पिशवीवरही तारीख असते आणि ती उलटली की केक फुगत नाही, म्हणून मी पाटलीणबाईंच्या बाजूने.

गॅसशेगडी
ओव्हन सोडा, कुकरमध्ये करा. रिंग आणि शिट्टी काढायची, तळाला मीठ किंवा वाळू, वर स्टँड, दहा मिनिटं तापवायचं, मग मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटं. पाणी घालायचं नाही. माझ्या आईने आयुष्यभर असेच केक केले.

खटपट्या
मिठाने ॲल्युमिनियमचा कुकर खराब होतो आणि कोरडा तापवणं त्याच्यासाठी चांगलं नाही. शिवाय आतलं तापमान कळणार कसं?

गॅसशेगडी
वाळू म्हटलंय ना. जाड बुडाचं पातेलंही चालतं. तापमान सवयीने कळतं.

सुरंगी
मला कुकरमध्ये करायचा नाहीये. मिक्सची चाचणी केली, बरीच फसफसली. विहीर, बरणी मी दर वेळी घोळूनच काढते. आज गुरुवार आहे. कुणीतरी नेमकं सांगा.

मोहर
आत्ता धागा पाहिला. ओल्या साहित्यात काय काय घालता ते अजून कुठेच आलेलं नाही. आधीच्या आणि नंतरच्या केकमध्ये तेच होतं का?

सुरंगी
नेहमीचंच. दीड कप मैद्याच्या हिशोबाने एका केकचं मिक्स, अर्धा कप तेल, व्हॅनिला, एक कप दही. दही संपल्यावर दूध घातलं, तेवढंच. अंडं घालत नाही.

मोहर
मग तेच कारण आहे.

एका केकच्या वाट्याला तुमचा अर्धा चमचा सोडा येतो. सोड्याला आंबट लागतं. दह्यातलं लॅक्टिक आम्ल त्याच्याशी भिडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, केकला जाळी पडते आणि सोडा संपून जातो. दुधात तेवढं आम्ल नाही. बेकिंग पावडर आपल्यापुरतं काम करते, पण सोड्यातला बराचसा तसाच मागे राहतो. जिभेवरची ती साबणासारखी चव त्याचीच. मिश्रण अल्कधर्मी झालं की वरून तपकिरी रंगही लवकर येतो, आणि रंग आला म्हणून केक आधी बाहेर निघतो. दूध दह्यापेक्षा पातळ, म्हणून तळाचा चिकट थर. तुम्ही लिहिलेली एकूण एक खूण यात बसते. मिक्स उत्तम आहे, ते दह्यासाठी बांधलेलं आहे इतकंच.

विहीर
पटलं. चव का बिघडते याचं हेच उत्तर.

पाटलीण
मलाही पटलं. तरी पावसाळ्यात बरणी फ्रिजमध्ये ठेवा हे मी सांगणारच. पोरकिडेही होत नाहीत.

सुरंगी
दूध आणि दही यात एवढा फरक पडेल असं कुठल्याच रेसिपीत वाचलं नव्हतं. आता भाचीच्या पाकिटाचं काय? तिच्याकडे दही असेलच असं नाही, दूध रोज येतं.

आवळा
दुधात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवायचं, फाटल्यासारखं झालं की दह्याऐवजी वापरायचं. लिंबूही चालतं. मिक्स बदलायची गरजच नाही.

मोहर
बरणीत उरलेल्या मिक्ससाठी ठीक. पण भाचीच्या खोलीवर व्हिनेगर कुठून येणार? एखाद्या दिवशी ती ते घालायची राहिली की पुन्हा हेच. पाकिटासाठी सोडा काढूनच टाका. बेकिंग पावडरमध्ये तिचं आम्ल आधीच असतं, तिला दूध पुरतं.

एका पाकिटात: मैदा १९० ग्रॅम, पिठीसाखर १२० ग्रॅम, दूध पावडर पाव कप, बेकिंग पावडर सपाट २ चमचे, चिमूटभर मीठ. दूध पावडर साधी घ्या. डेअरी व्हाइटनरमध्ये साखर असते, मग केक गोडही होतो आणि रंगही लवकर पकडतो. सगळं एकत्र चाळायचं. प्रत्येक केकचं पाकीट वेगळं वजन करून भरलं की थर बनण्याचा प्रश्नच येत नाही.

घालायचं: अर्धा कप तेल, पाऊण कप दूध, व्हॅनिला. घट्ट वाटलं तर आणखी दोन चमचे दूध. पीठ दिसेनासं झालं की ढवळणं थांबवायचं, फेटत बसलं तर ग्लुटेन ताणलं जाऊन केक चिवट होतो. आणि ओव्हन आधी तापलेला हवा, मिश्रण कालवून मग ओव्हन लावायचा नाही.

आवळा
नुसत्या बेकिंग पावडरने दह्याचा मऊपणा येत नाही. मी तरी सोडा सोडणार नाही.

मोहर
दह्याचा केक जास्त मऊ होतो हे खरंच. पण इथे पाकीट दुसऱ्याच्या हातात जाणार आहे, त्यात घोळ होण्याची जागा जितकी कमी तितकं बरं.

खटपट्या
छोट्या ओटीजीत वरची कांडी डब्याच्या फार जवळ येते. डबा खालच्या कप्प्यात ठेवायला सांगा, रंग आला की वर फॉइल. सात इंची डब्याला १८० वर साधारण ३५ ते ४० मिनिटं, पहिली २५ मिनिटं दार उघडायचं नाही. सुरी घालून पाहायची, ओलं पीठ चिकटलं नाही तर झाला.

जायफळ
यात रवा घातला तर चालेल का? आमच्याकडे गोव्याला रवा आणि नारळाचा बाथ करतात, त्याचं मिश्रण रात्रभर मुरवतात. तो सुगंध कुठल्याच मैद्याच्या केकला नाही. नाताळ आला की मला आईच्या हातचा बाथ आठवतो.

मोहर
रव्याला मुरायला वेळ द्यावा लागतो, नाहीतर कचकच लागते. मुरवलंत तर बेकिंग पावडर भट्टीत घालायच्या अगदी आधी मिसळा. म्हणजे एका पाकिटाचं काम राहत नाही. बाथची पाककृती वेगळ्या धाग्यात लिहा ना, मलाही हवी आहे.

सुरंगी
शनिवार दुपार. सोडा न घालता नवं पाकीट केलं आणि भाचीलाच दुधात करायला लावलं. चांगला फुगला, चव स्वच्छ, तळाला थर नाही. दह्याच्या केकपेक्षा किंचित कोरडा आहे, आवळा म्हणतात ते बरोबर. बरणीतल्या जुन्या मिक्सचा सकाळी दही आणून केला, तो आधीसारखाच जाळीदार. पाकिटांवर भाचीने स्केचपेनने 'दूध पाऊण कप, तेल अर्धा कप' लिहून घेतलंय. मोहर, मनापासून आभार, आणि सगळ्यांचेच.

आता ती विचारतेय की निम्मी कणीक घातली तर दूध किती वाढवायचं?

रानमेवा
बघा!

मोहर
कणीक जास्त पाणी पिते. दोन ते तीन मोठे चमचे दूध वाढवा आणि मिश्रण पाचच मिनिटं ठेवून मग डब्यात ओता. अख्खी कणीक घेऊ नका, पहिल्यांदा निम्मीच.