वडिलांच्या ५४० ला बोलेरोचं इंजिन टाकायचंय, पीयूसी पास झाली की झालं का?

तासगावचा शेतकरी:
नमस्कार मंडळी. आमच्याकडं वडिलांनी १९९६ ला नवी घेतलेली महिंद्रा ५४० जीप आहे, एमएच १० पासिंग, २११२ सीसीचं प्यूजो इंजिन. द्राक्षाच्या पेट्या, औषधाचे ड्रम, बायाबापड्या, लग्नाची वरात, सगळं या गाडीनं ओढलंय. गेल्या महिन्यात गरम झाली आणि बंद पडली, डिपस्टिक काढून बघितली तर ऑईल दुधाच्या चहासारखं झालेलं. हेडला क्रॅक आणि दोन नंबरच्या लायनरला ओरखडे. मेस्त्री म्हणतोय यात पैसे घालू नको, कोल्हापूरकडं २०१३ च्या बोलेरोचं सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) इंजिन गिअरबॉक्ससकट मिळतंय, ते बसवू, वायरिंग आणि ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) पण तिथलंच आणू, ईजीआर (जळलेला गॅस परत इंजिनात सोडणारा वॉल्व्ह) बंद करून टाकू, कॅटलिटिक (सायलेन्सरच्या लाइनीतला धूर साफ करणारा डबा) कापून सरळ पाइप घालू म्हणजे ॲव्हरेज आणि पिकअप दोन्ही मिळेल. मी विचारलं कागदाचं काय, तर म्हणाला पीयूसी मी पास करून देतो, बाकी कोण बघतंय.
मला तिथंच शंका आली. वडील आता नाहीत, गाडी विकायची नाही, आणि आरसीचं रिन्यूअल याच वर्षी आहे (२०११ ला १५ वर्षं झाली, मग दर पाच वर्षांनी). धुराचा नियम नेमका काय आहे अशा बदललेल्या इंजिनाला? कोणी केलंय का सातारा-सांगली भागात?

कराडकर कमांडर:
दादा थांब, इंजिन उचलायच्या आधी हे वाच. मी तुझ्याच जागेवर होतो. माझ्या महिंद्रा कमांडरला मी आरटीओला न विचारता दुसरं इंजिन टाकलं, दीड वर्ष मस्त पळाली, पीयूसी दर सहा महिन्याला निघायची, मला वाटलं झालं. रिन्यूअलला गाडी नेली तेव्हा आरटीओच्या साहेबांनी बॉनेट उघडायला लावलं, खिशातनं चिंधी काढली, ब्लॉकवरची काजळी पुसली, टॉर्च मारला आणि एक एक आकडा मोठ्यानं वाचत आरसीशी लावून बघितला. तिसऱ्या आकड्यालाच थांबले. पेन माझ्याकडं दिला आणि म्हणाले तुम्हीच वाचा. त्या दिवसापासून पाच महिने गाडी गोठ्याशेजारी उभी होती.
कायदा असा आहे, मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम. आरसीवर जे लिहिलंय त्यात फरक पडेल असा बदल आरटीओच्या परवानगीशिवाय करायचा नाही. इंजिन बदलणं यात सरळ येतं कारण इंजिन नंबर, सीसी, इंधन सगळं आरसीवर असतं. परवानगी आधी, काम नंतर. बदल झाला की चौदा दिवसात कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२ए कलमात मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५ हजार दंड किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागं, हे नीट वाच. इंजिन एक, सायलेन्सर दुसरा असं मोजलं जाऊ शकतं. त्याच वर्षी जानेवारीत सुप्रीम कोर्टानं पण सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध जाऊन गाडी बदलता येणार नाही.
माझ्याकडं मागितलेले कागद सांगतो: इंजिनाचं पक्कं बिल, ते ज्या गाडीतलं त्या गाडीची आरसी रद्द झाल्याचा कागद, आणि इंजिन चोरीचं नाही याचा पोलिसांचा दाखला. भंगारवाल्याकडनं कोऱ्या चिठ्ठीवर इंजिन घेतलं होतं, तिथंच अडकलो.

मिरजेचा धूरवाला:
माझं पीयूसी सेंटर आहे, आधी बारा वर्षं डिझेल पंपाचं काम केलं. मेस्त्री जे म्हणतोय "पीयूसी पास करून देतो" त्यातच सगळी गोम आहे, म्हणून सविस्तर लिहितो.
डिझेल गाडीची पीयूसी म्हणजे फक्त धुराचा काळेपणा. गाडी गरम करायची, न्यूट्रलला ॲक्सिलरेटर झटक्यात दाबायचा, सायलेन्सरमधल्या नळीतनं धूर मशीनमधी जातो आणि त्यातनं उजेड किती अडला ते मशीन सांगतं, लागोपाठचे आकडे जुळेपर्यंत हे परत परत करायचं. त्या आकड्याला के व्हॅल्यू म्हणतात. बीएस ४ (भारत स्टेज, धुराचा सरकारी दर्जा) च्या आधीच्या गाडीला २.४५ पर्यंत चालतं, बीएस ४ ला १.६२. आता मशीनवर आम्ही गाडीचा नंबर टाकतो, तो सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरच्या रेकॉर्डशी जोडलेला असतो, म्हणजे मर्यादा लागते ती गाडीच्या कागदाप्रमाणं. तुझ्या ५४० ला २.४५ लागणार. त्यात सीआरडीई इंजिन, हाय प्रेशरचं इंजेक्शन, ते ईजीआर कापून पण सहज एकच्या खाली येईल. मी स्वतः बघितलंय.
पण ईजीआर कशाला असतो? जळलेला थोडा गॅस परत सिलिंडरमधी सोडून आतलं तापमान खाली ठेवायला, म्हणजे नायट्रोजनचे ऑक्साइड कमी तयार होतात. ते डोळ्याला दिसत नाहीत आणि डिझेलच्या पीयूसीत मोजलेच जात नाहीत. कॅटलिटिक कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं डिझेल मारतं, ते पण डिझेल पीयूसीत मोजत नाहीत. म्हणजे तू दोन्ही काढून टाकलंस तरी माझं मशीन तुला पास म्हणणार, आणि गाडीच्या मागं बसलेलं पोरगं खोकणार. गाडी बाजारात येताना मास एमिशनची टेस्ट होते, पुण्याच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेसारख्या ठिकाणी रोलरवर गाडी चालवून एकेक वायू मोजून, आणि ते इंजिन पास झालेलं असतं ईजीआर, कॅटलिटिक, ईसीएम, सगळ्या सेटसकट. अर्धा सेट काढला की ते बीएस ४ इंजिन राहिलंच नाही, कागदावर काहीही असो.
माझ्याकडं दर आठवड्याला एकदोन जण येतात, "जरा हलकं दाबा" म्हणून. मी दाबत नाही. सेंटर बंद पडलं तरी चालेल.

साताऱ्याचा रायडर:
सगळं मान्य पण एका जुन्या जीपनं असा काय फरक पडतो राव, सीझनला उसाचे ट्रॅक्टर बघा काय काळा धूर सोडतात, दोन दोन ट्रॉल्या जोडून. त्यांना कोण विचारत नाही आणि शेतकऱ्याच्या ५४० वर सगळे नियम.

मिरजेचा धूरवाला:
@साताऱ्याचा रायडर ट्रॅक्टरचा राग बरोबर आहे, मला पण येतो. पण तो ट्रॅक्टर कारखान्याच्या रस्त्यावर पळतो आणि ही जीप याच्या घराच्या अंगणात सकाळी पाच मिनिटं गरम होत चालू उभी असते, चुलीशेजारी. तिचा धूर याच्याच घरात जाणार आहे.

वाईचा जुनी गाडी:
एक वेगळा मुद्दा, याला लागू नाही पण वाचणाऱ्यांना होईल. आमच्या आजोबांच्या काळची पेट्रोल विलीज जीप आहे, ६० च्या दशकातली. चुलत्यानं डिझेल इंजिन टाकायचा घाट घातला होता, मी अडवलं. २०२१ ला केंद्रानं विंटेज गाड्यांचा नियम काढला, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी मूळ रूपात असेल, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल नसेल तरच व्हीए सिरीजचा नंबर मिळतो. एकदा डिझेल टाकलं की तो दरवाजा बंद. शिवाय पेट्रोलची डिझेल करणं म्हणजे इंधनच बदललं, ते तर आणखी अवघड. सीएनजी किंवा बॅटरीवर नेता येतं, पण ते मान्यता असलेलं किट आणि अधिकृत फिटरकडनंच, गल्लीतल्या जुगाडानं नाही.

कुपवाड मशीनशॉप:
मूळ प्रश्नाकडं येतो. ५४० चं प्यूजो इंजिन इतक्यात मारू नका. आमच्याकडं वर्षाला दहाबारा येतात. हेड आधी प्रेशर टेस्टला टाक, क्रॅक बहुतेक वेळा दोन वॉल्व्हच्या मधी असतो, तो वॉटर जॅकेटपर्यंत गेलाय का ते कळेल. गेला असेल तर वेल्डिंगच्या नादी लागू नको, टिकत नाही, दुसरं हेड शोध, मिळतात. लायनर नवे, पिस्टन रिंग सेट, क्रँक मोजून गरज असली तरच ग्राइंडिंग आणि अंडरसाइज बेअरिंग. फ्युएल पंप आणि नोझल कॅलिब्रेट केल्याशिवाय इंजिन बांधू नको, जुन्या गाडीचा निम्मा काळा धूर नोझलमधनंच येतो. रेडिएटर रॉडिंग (आतल्या नळ्या साफ) करून घे नाहीतर परत हेच होणार. नंबर तोच, सीसी तेच, आरसीला हात लावायला नको.
आणि ब्लॉकच गेला असेल तर त्याच मेकचं त्याच टाइपचं इंजिन बघ, बिलासकट. तशी परवानगी मिळायला सोपी जाते. सीसी वाढवून दुसऱ्याच जातीचं इंजिन टाकलं तर ब्रेक, एक्सल, चेसिस माउंटिंग सगळ्याचा प्रश्न येतो, २११२ चं २५२३ करणं म्हणजे नुसता आकडा नव्हे.

कराडकर कमांडर:
इन्शुरन्सचं राहिलं. माझ्या पाहुण्याच्या गाडीचा उंब्रजजवळ अपघात झाला, सर्व्हेअरनं इंजिन नंबर बघितला, आरसीशी जुळला नाही आणि ओन डॅमेजचा क्लेम परत आला. थर्ड पार्टीचं प्रकरण कोर्टात चालू आहे. गाडी पाच लाखाची पण नव्हती, वकिलाचे किती गेले ते विचारू नका.

तासगावचा शेतकरी:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल मेस्त्रीकडनं हेड काढून आणलं, कुपवाडला प्रेशर टेस्टला टाकलं. तीन आणि चारच्या मधी क्रॅक आहे, पाण्यापर्यंत गेलाय. ब्लॉक मात्र ठीक आहे, लायनर बदलून होईल म्हणाले. हेड शोधतोय, कोणाकडं प्यूजो एक्सडीपीचं चांगलं हेड असेल तर कळवा, पक्कं बिल लागेल. कोल्हापूरच्या इंजिनाला नाही म्हणून सांगितलं, मेस्त्री दोन दिवस बोलला नाही.
मिरजेच्या दादांनी पोराचं लिहिलं ते वाचून बायकोनं फोन हातातनं घेतला आणि परत वाचला. आमचा धाकटा रोज त्याच गाडीनं शाळेत जातो, मागच्या सीटवर, ताडपत्री लावून.
पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला मिरजेत द्यावं का सांगलीत?

मिरजेचा धूरवाला:
कुठंही दे, पण टेस्ट बेंचवर समोर उभा राहून चारही नोझलचा स्प्रे बघ. चारही सारखे, बारीक धुक्यासारखे पडले पाहिजेत, एकातनं पण धार पडली तर ते नोझल घेऊ नको. गाडी बांधून झाली की पाचसातशे किलोमीटर चालव, मग माझ्याकडं आण, के व्हॅल्यू बघू.