हृदयनाथांची गाणी: लोकप्रियतेपेक्षा कवीची वाट बरी
नवख्या श्रोत्याला संगीतकार हृदयनाथ मंगेशकर ऐकवायचे तर ‘मोगरा फुलला’, ‘मी डोलकर’ अशी सर्वतोमुखी गाणी आधी द्यावीत आणि कवी ग्रेस यांच्या कवितांची गाणी बऱ्याच मागाहून, असे सुचवले जाते; ते मला अर्धेच पटते. सुरुवात तिथूनच व्हावी. मात्र पुढची निवड लोकप्रियतेच्या उतरत्या क्रमाने न करता कवीनुसार केली, तर ऐकणारा टिकतो, असा माझा अनुभव आहे. आरती प्रभूंचे ‘ये रे घना’ आशाबाईंच्या आवाजात ऐकून झाले, की त्याच कवीचे ‘गेले द्यायचे राहून’ लावावे. कवी आणि संगीतकार तेच असूनही गाणे किती निराळे उभे राहते, हे सांगावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ग्रेस यांचे ‘ती गेली तेव्हा रिमझिम’ हृदयनाथांनी स्वतःच गायले आहे. माझ्या भाच्याला (एरवी तो मराठी गाण्यांच्या वाटेला जात नाही) मी आधी ती कविता नुसती वाचून दाखवली, तेव्हा तो गप्प राहिला. गाणे लावल्यावर मात्र त्याने ते लागोपाठ तीनदा ऐकले आणि मग ‘भय इथले संपत नाही’ स्वतःच शोधून काढले.