कपाटातलं रोप सगळ्यात उंच, मग स्वतंत्र चल कुठला?

प्रश्न:
लेकीचा सातवीचा प्रयोग चालू आहे. घेवड्याचं एकेक बी तीन कुंड्यांत लावलंय, एक खिडकीत, एक खोलीच्या कोपऱ्यात, एक बंद कपाटात, तिन्हींना रोज ५० मिली पाणी. आता वहीत स्वतंत्र, अवलंबित आणि नियंत्रित चल (चल म्हणजे प्रयोगात बदलू शकणारी गोष्ट) असे रकाने भरायचेत आणि तिने पाणी स्वतंत्रमध्ये लिहिलंय, म्हणते रोज घालतो म्हणजे बदलतंच ना! चुकतंय एवढं मला कळतंय पण समजावता येत नाहीये. त्यात कपाटातलंच रोप सगळ्यात उंच निघालं, प्रयोग फसला म्हणून रडकुंडीला आलीये.

प्रतिसाद १:
पाणी रोज घालता पण तिन्ही कुंड्यांना सारखंच, म्हणून ते नियंत्रित. तिला म्हणावं दिवसादिवसांची तुलना करू नकोस, कुंड्या शेजारी शेजारी ठेवून बघ, आपण मुद्दाम काय वेगळं ठेवलं? उजेड. तो स्वतंत्र चल. पट्टी लावून काय मोजतोय? उंची, ती अवलंबित. माती, कुंडीचा आकार, बियाणाची जात, बी किती खोल पेरलं हे सगळं पाण्यासोबत तिसऱ्या रकान्यात.

प्रतिसाद २:
अहो फसला कुठे, निकाल अगदी बरोबर आलाय! अंधारात रोप उजेडासाठी खोड ताणत जातं, पानं बारकी राहतात, हरितद्रव्य नाही म्हणून पिवळट दिसतं, आणि हे सगळं बीजपत्रांतल्या, म्हणजे बीच्या दोन डाळींतल्या अन्नसाठ्यावर चाललेलं असतं, तो संपला की रोप मान टाकतं. खिडकीतल्या आणि कपाटातल्या रोपांची खोडं तिला चिमटीत धरून बघू दे, कपाटातलं बारीक आणि लिबलिबीत लागेल. मला वाटतं खरी अडचण अवलंबित चल निवडण्यातच आहे, नुसत्या उंचीवरून वाढ कळत नाही. पानांची संख्या, रंग, खोडाची जाडी हेही लिहायला सांगा.

प्रतिसाद ३:
खिडकीत ऊन येत असेल तर उजेडाबरोबर तापमानही बदललं आणि मातीही लवकर सुकते, मग फरक नेमका कशाने पडला ते सांगता येणार नाही. तिन्ही कुंड्या एकाच जागी उन्हापासून लांब ठेवा, एकीवर पुठ्ठ्याचा खोका, एकीवर पातळ कापड, एक उघडी. आणि एकेका बियावर भिस्त नको, एखादं बी मुळातच कमजोर असतं, प्रत्येकीत निदान ५ लावून सरासरी काढा.

मूळ प्रश्नकर्ती:
खूप आभार सगळ्यांचे! तिने पाणी खोडून उजेड लिहिलं आणि खोड चिमटीत धरल्यावर स्वतःच म्हणाली, आई, हे उंच आहे पण यात जोरच नाही. उद्या १५ बिया भिजत घालतोय.