बो डिडलीचा ठेका: मात्रा, ट्यूनिंग, ट्रेमोलो

खर्ज_७: अमेरिकन गायक-गिटारवादक बो डिडलीच्या १९५५च्या पहिल्या रेकॉर्डचा ठेका गिटारवर बसवायचा आहे. साध्या ट्यूनिंगमध्ये ई कॉर्ड धरून सूर जुळतो, पण ते घुमणं येत नाही आणि दोन-चार आवर्तनांत लय पळते. कशामुळे?

सोळामात्रा: लय हातामुळे पळते. सोळा मात्रा मोजा, आघात १, ४, ७, ११, १३ वर. क्यूबन संगीतातला क्लावे नावाचा पाच आघातांचा ठेका आहे, त्याचाच हा साचा. उजवा हात सोळाही मात्रा चालूच ठेवायचा: विषम मात्रेला खाली, सम मात्रेला वर. मधल्या मात्रांना डाव्या हाताने तारा नुसत्या दाबून ‘खर्र’ असा मुका आवाज काढायचा. पाच आघातांपैकी फक्त चौथ्या मात्रेवरचा वरच्या फटक्याने येतो. तोही खाली मारला की हात अडखळतो आणि पुढे घाई होते. ७ नंतर ११ पर्यंतची जागा मात्र भरू नका, सगळी मजा तिथे आहे.

तरफ: घुमण्याचं कारण ओपन ई, म्हणजे मोकळ्या तारांतूनच ई कॉर्ड वाजेल असं ट्यूनिंग: ई-बी-ई-जी शार्प-बी-ई. पाचवी आणि चौथी तार दोन-दोन सूर-पडदे वर, तिसरी एक. जाड तारांवर ताण फार वाटला तर ओपन डी लावून दुसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावा. ट्रेमोलो, म्हणजे आवाजाचं ठरावीक गतीने कमी-जास्त होणं, लयीशी जुळलाच पाहिजे. एका ठोक्यात चार मात्रा, तेव्हा मिनिटाला १०० ठोके असतील तर मात्रा ४००, म्हणजे सेकंदाला साधारण ६.७ हेलकावे. बो डिडलीकडचा डीआर्मंड कंपनीचा ट्रेमोलो डबीतलं द्रव मोटरने हलवून आवाज कमी-जास्त करायचा, म्हणून तो इतका ओला वाटतो.

सोळामात्रा: एक भर. बो डिडलीच्या मनगटाची चपळाई व्हायोलिनच्या गजातून आली. मिसिसिपीतल्या मॅकोंबमध्ये १९२८ साली जन्मलेला हा माणूस शिकागोत लहानपणी व्हायोलिन शिकला, मग तिथल्याच मॅक्सवेल स्ट्रीट या रस्त्यावर वाजवू लागला. आणि त्याचा साथीदार जेरोम ग्रीनचे मराकास (हातात धरून हलवायचे खुळखुळे) विसरू नका. गिटार थांबते तिथेही सोळा मात्रा तेच पुढे नेतात. एकटे सराव करत असाल तर तो भाग आधी रेकॉर्ड करून घ्या, मेट्रोनोमपेक्षा जास्त उपयोगी.

तरफ: अन्याय एवढाच की ठेक्यावर कॉपीराइट मिळत नाही. रॉक गायक बडी हॉलीने १९५७ मध्येच तो उचलला, नंतर कित्येकांनी. बो डिडलीच्या वाट्याला त्याचे पैसे आले नाहीत, आणि २००८ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, तो हे उघडपणे बोलत राहिला.