मेलबर्नला जाताना मधले चौदा तास: सिंगापूर की क्वालालंपूर?

कोथरूडकर
मुंबईहून मेलबर्न, मार्चअखेर. आम्ही दोघं आणि आई-बाबा (वय ६८ आणि ७३). बाबांचा एक गुडघा कुरकुरतो. चौघंही शाकाहारी, आईला कांदा-लसूण चालत नाही. ऑस्ट्रेलियाचा व्हिजिटर व्हिसा चौघांकडे आहे, सिंगापूरचा नाही.

पर्याय १: सिंगापूर. पोच सकाळी ६:२०, पुढचं विमान रात्री ८:४५. सगळं एकाच तिकिटावर.
पर्याय २: क्वालालंपूर. पोच सकाळी ६:००, पुढचं विमान रात्री १०:३०. दोन वेगळी तिकिटं. पहिलं विमान टर्मिनल १ वर उतरतं, दुसरं स्वस्तातल्या कंपनीचं, टर्मिनल २ वरून. चौघांचे मिळून २४ हजार वाचतायत.

हॉटेल घेणार नाही. दिवसा फिरायचं आणि रात्री विमानात झोपायचं. काय घ्यावं?

वेळापत्रक
पर्याय १. शहर कुठलं चांगलं हा वाद नंतर घालू, आधी तिकिटं बघा.

वेगळी तिकिटं म्हणजे सामान थेट मेलबर्नला जाणार नाही. क्वालालंपूरला मलेशियात रीतसर प्रवेश करायचा, पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, टर्मिनल २ ला न्यायच्या (मधली ट्रेन ३ मिनिटांची, तिकीट २ रिंगिट), तिथे लॉकरला पैसे भरून ठेवायच्या आणि संध्याकाळी पुन्हा चेक-इनच्या रांगेत उभं राहायचं. स्वस्त कंपन्यांत चेक-इन सामानाचे पैसे वेगळे. ते बुकिंग करतानाच भरा, काउंटरवर खूपच जास्त लागतात. हातातलं सामान ७ किलो, आणि ते वजन करून बघतात. मुख्य धोका वेगळाच: मुंबईचं विमान रद्द झालं तर दुसऱ्या कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नाही, मेलबर्नची चार तिकिटं बुडाली. २४ हजारांतून हे सगळं वजा करा आणि मग काय उरतं ते बघा.

आता तास. सिंगापूरला ६:२० ला उतरलात की बाहेर पडेपर्यंत साधारण ७:३०. परत विमानतळावर ५:४५ पर्यंत यायचं. म्हणजे हातात दहा तास. चांगी विमानतळ शहरापासून वीसेक किलोमीटर, क्वालालंपूरचा विमानतळ पन्नासच्या पुढे. ७३ वर्षांच्या माणसाला हा फरक संध्याकाळी कळतो.

व्हिसा: भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियाचा चालू व्हिसा आणि ९६ तासांच्या आत बाहेर पडण्याचं पक्कं तिकीट असेल, तर सिंगापूरची व्हिसामुक्त ट्रान्झिट सवलत मिळू शकते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर नसतो, त्यामुळे मंजुरीचं पत्र चौघांचं छापून न्या. मुंबईच्या काउंटरवरच विचारतात. तरी शेवटचा निर्णय सिंगापूरच्या इमिग्रेशन अधिकाऱ्याचा. शंकाच नको असेल तर अधिकृत एजंटाकडून व्हिसा काढा. सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर, एजंटाचे पैसे वरून.

अरायव्हल कार्ड पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, प्रत्येकाचं वेगळं. ते फुकट असतं. पैसे मागणारी साइट दिसली की समजा, चुकीच्या दारात आहात.

खिडकीची_सीट
सिंगापूरला अनुमोदन. मार्ग असा ठेवा, गुडघ्याला सोसेल:

चांगीहून मेट्रो, पुढच्याच 'एक्स्पो' स्टेशनवर उतरून डाउनटाउन लाइन पकडा आणि थेट 'बेफ्रंट'. एकदाच गाडी बदलायची. गार्डन्स बाय द बे मधलं क्लाउड फॉरेस्ट ९ ला उघडतं. वातानुकूलित आहे, आत ३५ मीटरचा धबधबा आहे. वर लिफ्टने जायचं आणि उताराने खाली यायचं, त्यामुळे बाबांना चढावं लागत नाही. रात्रीचा झाडांचा लाइट शो ७:४५ ला असतो, तो तुमच्या विमानाला जमत नाही. सोडून द्या.

जेवायला त्याच लाइनवर पुढे 'लिटल इंडिया', चौथं स्टेशन. परतताना मात्र तिथून बसू नका. ही लाइन शहराला मोठा वळसा घालते. सेरांगून रोडवरून दहाएक मिनिटं चालत 'जालान बेसार' गाठा. लाइन तीच, पण तिथून एक्स्पो बरंच जवळ पडतं. गुडघा बोलायला लागला तर सरळ टॅक्सी. चौघांत फार पडत नाही.

मेट्रोला वेगळं तिकीट लागत नाही, टॅप करायचं बँकेचं कार्ड चालतं. पण माणशी एक कार्ड, एकाच कार्डावर चौघं जात नाहीत. पुण्यातून निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये चारही कार्डांवर 'आंतरराष्ट्रीय' आणि 'कॉन्टॅक्टलेस' हे दोन्ही चालू करा. आपल्याकडे ते मुळात बंद असतं आणि गेटवर लाल दिवा लागल्यावर लोकांना आठवतं.

चांगीला लागूनच असलेल्या 'ज्वेल' या मॉलमधला धबधबा (४० मीटर) सकाळी दहा-अकराच्या आधी सुरूच नसतो. तो परत आल्यावर बघा, उतरल्या उतरल्या धावू नका. ज्वेल इमिग्रेशनच्या बाहेर आहे. समजा बाहेर सोडलंच नाही, तर टर्मिनल २ आणि ३ मधली ट्रान्झिटची स्कायट्रेन ज्वेलच्या पोटातून जाते, तिच्या काचेतून दिसतो.

सेंट्रलवाला
क्वालालंपूरला इतकं झोडपू नका. तुमचं तिकीट वाईट आहे, शहर नाही. एकाच तिकिटावर, टर्मिनल १ ते टर्मिनल १ असं मिळालं तर चित्र बदलतं. भारतीयांना २०२६ अखेरपर्यंत ३० दिवस व्हिसाच नको, फक्त डिजिटल अरायव्हल कार्ड, तेही फुकट आणि आधीच्या तीन दिवसांत. एक्सप्रेस ट्रेन केएल सेंट्रलला, म्हणजे शहरातल्या मुख्य स्टेशनला, २८ मिनिटांत पोचवते. माणशी ५५ रिंगिट, म्हणजे चौघांचे एका वेळचे २२०. त्यापेक्षा सकाळी ग्रॅबची (ॲपवरची टॅक्सी) गाडी बरीच स्वस्त. संध्याकाळी मात्र ट्रेनच घ्या, साडेचारनंतरचा ट्रॅफिक सिंहगड रोडची आठवण करून देतो.

सेंट्रलला लागूनच ब्रिकफील्ड्स ही भारतीय वस्ती, इडली-डोसा हाकेच्या अंतरावर. बाटू केव्हज या गुहेतल्या देवळाला २७२ पायऱ्या आहेत. बाबांना खालचीच देवळं आणि ४२.७ मीटरची मुरुगनची मूर्ती दाखवा. एक रात्र राहायचं असतं तर हॉटेलच्या भाड्यात क्वालालंपूर सहज जिंकलं असतं. एका दिवसासाठी, या तिकिटांवर, मीही पर्याय १ म्हणेन.

डबा_बंद
एक गोष्ट कुणीच लिहिली नाही: खसखस. सिंगापूरमध्ये ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली प्रतिबंधित आहे. अनारसे, सारणात खसखस घातलेल्या करंज्या, आणि घरचा गोडा मसाला असेल तर त्यातही बघा. मेलबर्नच्या नातेवाइकांसाठी आईंनी बांधलेल्या डब्यात काय आहे ते आत्ताच विचारा. बॅग थेट पुढे जातेय म्हणून चालेल, असं धरू नका.

कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि काही झोपेच्या गोळ्यांनाही आधी परवानगी लागते. बाकीची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. च्युइंगगम आणि ई-सिगारेट नकोच. आणि मेलबर्नला उतरताना खाण्याची प्रत्येक गोष्ट प्रवाशांच्या कार्डावर जाहीर करा. ती फार तर काढून घेतील, पण लपवली तर दंड आहे.

कोथरूडकर
आईचा गोडा मसाला खसखशीचाच निघाला, डबा बाहेर काढला. पर्याय १ नक्की. आईच्या कांदा-लसणाचं काय करायचं?

खिडकीची_सीट
लिटल इंडियातल्या सांबारात कांदा असतोच, तिथे आईंना दहीभात नाहीतर साधी इडली-चटणी, तीही विचारून. त्यापेक्षा चिनी बौद्ध शाकाहारी स्टॉल शोधा, त्यांच्यातही कांदा-लसूण वर्ज्य असतं. ताटात मटणासारखं काही दिसलं तर दचकू नये, ते सोयाबीन किंवा गव्हाचं असतं. हे आईंना आधीच सांगून ठेवा. साध्या हॉकर सेंटरमध्ये (स्वस्त खाण्याच्या स्टॉलचा बाजार) 'व्हेज' म्हणून दिलेल्या नूडल्सवर विसंबू नका, सांबलमध्ये (मिरचीची चटणी) सुकी कोळंबी वाटलेली असते. विमानातल्या जेवणासाठी 'जैन' पर्याय दोन्ही फ्लाइटना वेगवेगळा नोंदवा, आणि त्याच फोनमध्ये बाबांची व्हीलचेअर सांगा. दोन्ही गोष्टी ४८ तास आधी व्हायला हव्यात.